मैफलीचा खर्च कोणी उचलावा?

संगीत हा आपल्या पक्षाच्या ठरावांत क्वचितच डोकावणारा विषय आहे. महागाई, बेकारी, पाणीवाटप, कांद्याचे भाव यांच्यापुढे गाण्याबजावण्याची मातबरी ती काय, अशी एक समजूत आपल्या कार्यकर्त्यांत रुजलेली आहे; आणि गाण्याच्या नादी लागलेला मनुष्य थोडा सुखवस्तू व थोडा निरुद्योगी असला पाहिजे, ही दुसरी समजूत तिच्या सोबतीला आहे. अर्थशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली आणि गाणे ऐकण्यात जवळजवळ सगळ्या सुट्ट्या गेल्या, त्यामुळे या दोन्ही समजुतींशी माझे जुने भांडण आहे. गेल्या काही वर्षांत नाशकात व नाशिकच्या आसपास ज्या मैफली ऐकल्या, त्यांत सुरांबरोबर जमाखर्चही कानांवर पडत राहिला. समोर बसलेल्या गवयाची बिदागी कोण देतो, आणि देणाऱ्याची छाया गाण्यावर किती पडते, हा प्रश्न मला ठिकठिकाणी दिसला. त्याविषयी आपल्या साप्ताहिकात लिहिले पाहिजे असे वाटले, कारण या बाबतीत आपली मंडळी एका सोयीच्या भ्रमात आहेत. तो भ्रम असा की, जे गाणे फुकट तेच लोकांचे गाणे.

दिवाळी पाडव्याच्या पहाटे नाशिकच्या नेहरू चौकात, पिंपळपारावर जी मैफल होते ती ज्याने ऐकली नसेल त्याने एकदा जरूर ऐकावी. जुन्या गावठाणातल्या त्या अरुंद चौकात पहाटे पाचच्या सुमारास माणसे अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून, मुलाबाळांसह येतात आणि मिळेल तेथे बसतात. वर पिंपळ, आजूबाजूला वाड्यांचे सज्जे, आणि अंधार विरळ होत असताना लागलेला भैरव किंवा ललत. रागाची वेळ हा केवळ शास्त्रातला संकेत आहे असे म्हणणाऱ्यांचा तेथे बसल्यावर तासाभरात निरुत्तर होण्याचा संभव आहे. कोमल ऋषभावर गायक थांबतो आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी उजाडू लागलेले असते, हा अनुभव कोणत्याही वातानुकूलित सभागृहात विकत मिळत नाही. तेथे प्रवेशमूल्य नाही, हे खरे. परंतु त्या मैफलीचे सामर्थ्य प्रवेशमूल्य नसण्यात नसून ती एका वस्तीच्या दारात आणि त्या वस्तीच्या सणात होते, यात आहे. चौक आपला आहे अशा भावनेने लोक तेथे बसलेले असतात.

या प्रकाराची लागण मग गावोगाव झाली. आज महाराष्ट्रात पाडव्याची पहाट नाही असे शहर सापडणे कठीण. त्यांतल्या एका, नाशिकबाहेरच्या, मैफलीची हकीकत सांगतो. स्थळ आणि यजमान यांची नावे सांगण्याचे कारण नाही, कारण तशी स्थळे शेकडो आहेत. प्रवेश विनामूल्य होता, चहाफराळही विनामूल्य होता. व्यासपीठामागे भव्य फलक होता आणि त्यावर गायिकेच्या छायाचित्रापेक्षा यजमानांचे छायाचित्र चौपट मोठे होते. पुढच्या सहा रांगांत आच्छादन घातलेल्या खुर्च्या. त्या सात वाजेपर्यंत निम्म्या रिकाम्या, आणि मागे दोरीपलीकडे उभी असलेली माणसे. गायिकेने तोडीचा बडा ख्याल आरंभला. विलंबित लयीत ती गंधाराभोवती फिरत होती, आवाज नुकता तापू लागला होता, आणि तेवढ्यात कोणी मान्यवर आले. गाणे थांबवण्यात आले. सत्कार, शाल, नारळ, मनोगत, पुन्हा दुसऱ्या मान्यवरांचा सत्कार, असे चाळीस मिनिटे चालले. त्यानंतर तिने तोडी पुन्हा आरंभली नाही, दोन अभंग आणि एक नाट्यगीत म्हटले आणि भैरवीने आटोपले. तिला दोष कसा देणार? श्रोत्यांनीही कुरकूर केली नाही, कारण तो अधिकार त्यांच्यापाशी नव्हता. पाहुणा म्हणून जेवायला बसलेला मनुष्य वरण अळणी आहे म्हणून तक्रार करीत नाही.

या ठिकाणी अर्थशास्त्रातली एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. खर्च शून्य असलेली मैफल जगात कोठेही होत नाही. श्रोत्याने पैसे दिले नसतील तर दुसऱ्या कोणी तरी दिलेले असतात, आणि तो दुसरा काही ना काही घेऊन जातो. संस्थानिक आपल्या दरबाराची शोभा घेऊन जाई. सिगारेट कंपन्यांनी आपल्या देशात संगीत संमेलने भरवली, त्या उत्तम गवयांच्या सान्निध्यात आपल्या मालाची प्रतिष्ठा घेऊन गेल्या. आजचा यजमान प्रभागातल्या मतदारांचे उपकृत चेहरे घेऊन जातो. यांत संस्थानिकाचे एक बरे होते: त्याला पुष्कळदा गाणे कळत असे.

दरबारी आश्रयाची ही दुखरी बाजू ज्या गवयाने सर्वांत आधी ओळखली, त्याचे नाशिकशी नाते आहे, आणि तरीही या अंगाने त्याच्याकडे नाशिककर पाहत नाहीत. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झाली, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे कठोर तालीम झाली. गवई कितीही मोठा असला तरी सरदारांच्या पंक्तीला त्याचे पान मांडायचे नाही, ही रीत त्यांना सलली, आणि १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. पुढच्या भ्रमंतीत त्यांनी नाममात्र दराचे तिकीट लावून जाहीर जलसे केले. तोपर्यंत शास्त्रोक्त गाणे ऐकायचे तर एखाद्या वाड्यात किंवा देवळात शिरकाव असावा लागे. आता बाजारातला वाणी, कचेरीतला कारकून, शाळामास्तर, ज्याच्या खिशात काही आणे आहेत असा कोणीही मनुष्य, कोणाचाही मिंधा न होता, गवयासमोर बसू शकला. ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, ते लोकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर. राजाश्रयाऐवजी लोकाश्रय हा शब्द आपण भाषणांत सैलपणे वापरतो, पण पलुस्करबुवांनी तो हिशेबाच्या वहीत आणला होता.

त्या वहीत पुढे खोट आली, हेही सांगितले पाहिजे. १९०८ मध्ये ते मुंबईस आले, विद्यालय वाढले, कर्ज काढून इमारत झाली, आणि ते कर्ज अखेर फिटले नाही, इमारत गेली. बुवा नाशिकला पंचवटीत रामनाम आधार आश्रमात येऊन राहिले आणि १९३१ मध्ये मिरजेस त्यांचे निधन झाले. लोकाश्रयाने विद्यार्थी दिले, श्रोते दिले, काँग्रेसच्या अधिवेशनांतून राष्ट्रगीत म्हणण्याचा मान दिला, पण मुंबईतल्या जागेचा भाव पेलण्याइतका तो लोकाश्रय भक्कम नव्हता. समाजवाद्यांनी यातून घेण्याजोगी गोष्ट अशी की, तिकिटाने कलावंत स्वतंत्र होतो, परंतु वास्तूचा आणि जमिनीचा बोजा तिकिटावर टाकला की ते मोडते. तो बोजा समाजाने, म्हणजे नगरपालिकेने वा शासनाने, उचलायचा असतो.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. नाशिकपासून थोड्या अंतरावर, गंगापूर धरणाच्या परिसरातल्या द्राक्षमळ्यांत २००८ पासून सुलाफेस्ट नावाचा संगीतोत्सव सुरू झाला. मध्ये काही वर्षे खंड पडला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा भरला. एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहाने मीही एकदा जाऊन आलो. स्थळ रम्य आहे यात वाद नाही. उतारावर बसलेली तरुण मंडळी, मावळतीचा प्रकाश, देशोदेशीचे वाद्यवृंद. ते संगीत माझ्या ओळखीचे नव्हते, तरी त्यातल्या ढोलवादकाच्या हाताची सफाई आणि चार वादकांचे परस्परांकडे असलेले लक्ष ओळखता आले. चांगली साथ कोणत्याही मुलखात चांगलीच असते. तरुणांच्या नाचण्याला नाके मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. पण प्रवेशाचा दर हजारांत होता. ज्या मळ्याच्या हिरवळीवर आम्ही बसलो होतो, तेथली छाटणी आणि खुडणी करणाऱ्या मजूर स्त्रीला आत यायचे तर कित्येक दिवसांची मजुरी मोजावी लागली असती. शिवाय २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने आपल्या राज्याने द्राक्षांच्या मद्याला उत्पादन शुल्कात सवलत दिली, ती शेतकऱ्यांच्या नावाने. त्या शेतकऱ्याचा मुलगा त्या रात्री कुंपणाबाहेर वाहने लावून देण्याचे काम करीत नसेल असे खात्रीने सांगता येत नाही.

मुंबईच्या बाजूला हाच व्यवहार अधिक उघडावाघडा झाला. २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईच्या क्रीडांगणावर कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले. अधिकृत दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होते. तिकिटे आदल्या सप्टेंबरात एकाच कंपनीमार्फत विक्रीला आली, पाहता पाहता संपली, आणि काळ्या बाजारात त्यांच्यासाठी लाखांत मागणी झाली. प्रकरण पोलिसांच्या चौकशीपर्यंत गेले. मर्यादित पुरवठा, विक्रीचे एकच दार, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाकडून त्याच्या ऐपतीइतके काढून घेण्याची यंत्रणा: मक्तेदारीचे प्रकरण शिकवताना फळ्यावर याहून सुबक उदाहरण मला कधी सापडले नव्हते. या तिकिटाची आणि पलुस्करबुवांच्या तिकिटाची जात एक नव्हे. एक दार उघडण्यासाठी होते आणि दुसरे बंद ठेवण्यासाठी.

या दोहोंहून निराळी, आणि माझ्या मते सर्वांत बोधप्रद, मैफल मी एप्रिलमध्ये नाशिकच्या एका वस्तीत ऐकली. भीमजयंतीच्या आसपासच्या दिवसांतली रात्र, दोन इमारतींमधले पटांगण, बाजेवर आणि जमिनीवर बसलेली माणसे. नाशिक जिल्ह्याला या गाण्याची मोठी परंपरा आहे. वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १९२२ चा जन्म, २००४ मध्ये नाशिकलाच निधन. मोठेपणी अक्षरओळख करून घेतलेल्या या मनुष्याने हजारोंनी गाणी रचली, आणि ज्या शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या शहराच्या वस्त्यावस्त्यांत ती म्हटली जातात. त्या रात्री पेटी, ढोलक आणि एक विजेवर चालणारे वाद्य एवढाच सरंजाम होता. गायकाचा आवाज रुंद आणि थोडा घासलेला. वरच्या षड्जाला तो असा भिडत असे की मागच्या गच्चीवरच्या बायकाही गप्प होत. शब्द एकही वाया जात नव्हता. शास्त्रोक्त गाणाऱ्यांनी शब्दफेक शिकायला तेथे जाऊन बसावे असे मला मनापासून वाटले.

आणि तेथला जमाखर्च पाहा. कार्यक्रम वर्गणीतून झाला होता. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, रिक्षाचालक, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार यांनी घरटी पैसे दिले होते. गाणे रंगात आले की कोणी उठे, दहाची, वीसची, क्वचित शंभराची नोट गायकाच्या हाती देई, पेटीवर ठेवी, आणि देणाऱ्याचे नाव ध्वनिवर्धकावरून पुकारले जाई. सुशिक्षित मंडळींना ही रीत असंस्कृत वाटते. मला तीत एक करार दिसला. गाणे आवडले तर पैसे वाढत होते, आणि एकदा गायकाने लांबण लावली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईने त्याला मोठ्याने बजावले की पुढचे म्हण. पाडव्याच्या त्या मांडवात दोरीपलीकडे उभ्या असलेल्या सुशिक्षित श्रोत्यांना जे जमले नाही, ते या बाईला सहज जमले. ती त्या मैफलीची मालकीण होती. गरिबाला गाणे फुकटच दिले पाहिजे असे मानणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे की, गरीब आपल्या गाण्याचे पैसे पिढ्यान्‌पिढ्या मोजत आलेला आहे.

गायकाचे नाव निदान पत्रिकेवर तरी छापले जाते. साथीदाराचे काय? विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थव्यवहारावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा सोपा आहे. कारखान्यात यंत्र आले की एका कामगाराचे उत्पादन वाढते आणि त्याची मजुरी वाढू शकते. चार वादकांना एक रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. आपल्या भाषेत सांगायचे तर विलंबित एकतालाचा ठेका अर्ध्या माणसाने, दुप्पट वेगाने धरून चालत नाही. बाकीच्या व्यवसायांत मजुरी चढत गेली की मैफलीचा खर्च सापेक्षतः वाढत राहणार. मग तिकीट वाढवायचे, किंवा समाजाने मदत द्यायची, किंवा कलावंताने उपाशी राहायचे, असे तीन मार्ग उरतात. आपल्याकडे चौथा रूढ आहे: मुख्य कलावंताची बिदागी फुगवायची आणि तबलजी व पेटीवाला यांना गाडीभाडे देऊन वाटेला लावायचे. तीस वर्षे हात घासलेला तबलजी दिवसभर मुलांच्या शिकवण्या करतो, संध्याकाळी दुचाकीवर डग्गा बांधून कार्यक्रमाला येतो आणि रात्री पाकीट मोजतो. विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, लेखी करार नाही. आकाशवाणीने एके काळी साथीदारांना मासिक वेतनावर नेमले होते. सार्वजनिक क्षेत्राची टवाळी करण्याची आज चाल आहे, म्हणून ही आठवण मुद्दाम नोंदवतो. असंघटित कामगारांच्या आपल्या याद्यांत बांधकाम मजूर असतो, मोलकरीण असते, विडी कामगार असतो. तबलजी तेथे असला पाहिजे.

आपल्या चळवळीला हे सारे परके नसावे. राष्ट्र सेवादलाच्या कलापथकाने वसंत बापटांच्या रचना गावोगाव नेल्या, पु. ल. देशपांडे यांनी त्या पथकासाठी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले. डाव्या बाजूला अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून गिरणगाव जागवला. सभेत झोळी फिरवण्याची रीत आपलीच आहे. पुढे झोळी गेली, यजमान आले, आणि आपणही आपल्या मेळाव्यांना गाणारी मुले ‘चळवळीतलीच’ म्हणून चहावर बोळवू लागलो.

आता जे करता येण्याजोगे आहे त्याकडे वळतो. नाशकात महाकवी कालिदास कलामंदिर महापालिकेचे आहे. स्मार्ट सिटी योजनेतून त्याचे नूतनीकरण होऊन २०१८ मध्ये ते पुन्हा खुले झाले, तेव्हा भाडेवाढीवरून रंगकर्मींना आवाज उठवावा लागला. २०२२ च्या मार्चपासून कित्येक वर्षे महापालिकेवर प्रशासकाचा अंमल राहिला आणि अशा दरांवर लोकप्रतिनिधींची चर्चा होण्याची सोयच उरली नाही. वास्तूचा बोजा तिकिटावर पडू नये, हे वर म्हटले. तेव्हा मागणी अशी असावी: ज्या कार्यक्रमाचे सर्वांत महाग तिकीट दोनशे रुपयांच्या आत आहे, त्याला पालिकेचे सभागृह नाममात्र भाड्यात मिळावे. स्वस्त तिकीट म्हणजे काय, हे ठरवण्याची अडचण नाही. वस्तू व सेवा कराच्या नियमांत संगीताच्या कार्यक्रमांचे पाचशे रुपयांपर्यंतचे तिकीट २०१८ पासून करमुक्त आहे. करासाठी जी रेषा ओढता येते ती भाड्यासाठीही ओढता येईल.

दुसरी मागणी रात्रीची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते नियम कडकपणे पाळण्यास सांगितले. रुग्ण, वृद्ध आणि परीक्षार्थी यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. त्याविरुद्ध गळा काढणाऱ्या रसिकांत मी नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा की, दरबारी, मालकंस, अडाणा हे राग आता आपल्या वेळेला ऐकायला मिळेनासे झाले आहेत. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची शेवटची रात्र उजाडेपर्यंत चालत असे, आणि भीमसेन जोशींचे गाणे ऐकून पहाटेच्या थंडीत चालत खोलीवर जाणारे आम्ही विद्यार्थी आता साठीच्या पुढे आहोत. आमच्या विद्यार्थ्यांनी मालकंस सायंकाळी साडेसातला ऐकलेला आहे. मात्र याच नियमांत बंदिस्त सभागृहांना मोकळीक ठेवलेली आहे. महिन्यातून एक शनिवार पालिकेचे एखादे बंदिस्त सभागृह रात्री दहा ते दोन गाण्यासाठी उघडे ठेवता येईल. दुसरी पाळी संपवून येणाऱ्या कामगाराला तीच वेळ सोयीची, आणि परतीसाठी शहर बसच्या दोन फेऱ्या जादा सोडाव्या लागतील एवढेच.

तिसरी गोष्ट कोणाकडे मागायची नाही, आपण करायची आहे. दोनशे श्रोत्यांची एक बैठक धरा. दीडशे रुपये तिकीट लावले तर तीस हजार जमतात. मुख्य कलावंताला बारा हजार, तबला व पेटी यांना प्रत्येकी पाच हजार, तंबोऱ्यावर बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाचशे, जागा व ध्वनियंत्रणा यांना पाच हजार, आणि छपाई, चहा, प्रवास यांना दोन हजार. हिशेब बरोबर जुळतो. हे आकडे मी गृहीत धरलेले आहेत आणि गावोगाव ते बदलतील, पण साथीदारांचे दोन रकाने कमी करून मुख्य कलावंताचा वाढवायचा नाही, एवढे पथ्य ठेवावे. नोटा पेटीवर ठेवण्याची वस्तीतली मोकळीक असावी. व्यासपीठावर फलक नको, सत्कार नको. भाषण करायचेच असेल तर आपल्या तालुकाध्यक्षांनी ते मध्यंतरात, चहाच्या टेबलापाशी उभे राहून करावे. वर्षातून अशा चार बैठका एका शहर शाखेला जड नाहीत. पहिली निफाड किंवा सिन्नरला घ्यावी, नाशकात नको. तेथल्या कार्यकर्त्यांनी तयारी दाखवल्यास वर्गणीची वही घेऊन फिरायला मी येईन.